लाल दिवा विझेपर्यंत

विमानाच्या पाठीवर एक आणि पोटाखाली एक असे दोन लाल दिवे असतात. इंजिन सुरू करायच्या आधी वैमानिक ते लावतो आणि इंजिनं बंद झाली की विझवतो. आम्ही त्यांना बीकन म्हणतो. आत बसलेल्या प्रवाशाच्या ते लक्षातही येत नाहीत. फार तर रात्री खिडकीतून पंखावर लाल उजेड येऊन जाताना दिसतो. रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारातल्या, माणसाचा जीव मात्र त्या दिव्यावर टांगलेला असतो. दिवा लुकलुकतोय तोवर विमानाजवळ जायचं नाही, एवढाच नियम. पाळायला इतका अवघड नियम मी दुसरा पाहिला नाही.

मुंबईत अनेक वर्षं रॅम्पवर काढली आणि आता नव्याने भरती झालेल्या पोरापोरींना तेच काम शिकवतो. पहिल्या दिवशी त्यांना वाटतं, सर आता अवजड यंत्रांबद्दल काही सांगणार. मी सांगतो, उभं राहायला शिका. हसतात. महिनाभरात हसू जातं, कारण मे महिन्यात दुपारी दोन वाजता काँक्रीटवर नुसतं उभं राहणं काय असतं ते तोवर कळलेलं असतं.

विमान उतरल्याची खबर येते तेव्हा बेवरची, म्हणजे विमान उभं करायच्या ठरलेल्या जागेवरची, माणसं आधीच हजर असतात. पहिलं काम म्हणजे मान खाली घालून बे पायी तुडवायचा आणि जमिनीवर जे सापडेल ते उचलायचं. स्क्रू, वायरचा तुकडा, बॅगेवरची चिठ्ठी, छोटी कुलपं, झिपचं टोक. याला एफओडी म्हणतात, इंजिनाला किंवा टायरला अपाय करू शकेल अशी कुठलीही परकी वस्तू. सगळ्यात जास्त काय सापडतं सांगू? बॅगांची चाकं. ट्रॉली बॅगांची ती काळी रबरी चाकं. डॉलीवरून, म्हणजे बॅगा वाहणाऱ्या गाडीवरून, बेल्टवरून चढता-उतरता निखळतात आणि घरंगळत कुठेतरी जाऊन बसतात. इंजिनाच्या पोटात गेलं तर एवढंसं चाकसुद्धा पात्यांचा निकाल लावायला पुरेसं आहे.

मग बाकीची पाहणी. बेभोवती जी लाल रेघ आखलेली असते तिच्या आत एकही गाडी नको, एकही डॉली नको. एरोब्रिज, म्हणजे प्रवासी ज्यातून विमानात जातात तो हलता पूल, मागे, त्याच्या ठरलेल्या जागी गेलेला हवा. इंधनाच्या खड्ड्याचं झाकण बंद हवं. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ आकाराचं विमान उभं राहताना त्याच्या आणि शेजारच्या कशाच्याही मध्ये ४.५ मीटर मोकळे हवेत, मोठ्या विमानांना ७.५ मीटर, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण शार्कलेटवाल्या, म्हणजे पंखांची टोकं वर वळलेल्या, ए-३२० च्या पंखांचा पसारा ३५.८ मीटर आणि त्या वर्गाची मर्यादा ३६ मीटर. म्हणजे विमान बनवणाऱ्यांनीच टोकापर्यंत जागा वापरून टाकलेली आहे. बोइंगचं येऊ घातलेलं ७७७-९ तर त्याही पुढे गेलं. त्याच्या पंखांची टोकं जमिनीवर वर दुमडतात, जवळजवळ ७२ मीटरचं विमान ६५ च्या आत बसतं, का, तर आहेत त्या बेमध्ये मावावं म्हणून. आभाळ अख्खं मोकळं आणि अडचण सगळी जमिनीवर.

आता विमान वळून बेच्या पिवळ्या रेघेवर येतं. समोर भिंतीवर दिव्यांची पाटी असेल तर तीच वैमानिकाला वाट दाखवते. लेझरने नाक मोजत असते; आधी विमानाची जात दाखवते, मग डावीकडे-उजवीकडे बाण, मग उरलेले मीटर, आणि शेवटी थांबा. पाटी नसेल किंवा बंद पडली असेल तर मार्शलर, म्हणजे हाताच्या खुणांनी विमान जागेवर लावणारा माणूस. हे काम बघणाऱ्याला रुबाबदार वाटतं आणि आहेच. दोन्ही हातांत वँड म्हणजे खुणेच्या कांड्या, हात वर, कोपरापासून हलत राहायचं. विमान जागेवर आलं की वँड डोक्यावर सावकाश आणून त्यांची फुली करायची. नंतरची खूण मला फार आवडते. वैमानिकाच्या डोळ्याला डोळा मिळेपर्यंत थांबायचं, मग उघडा पंजा वर धरून मूठ मिटायची: ब्रेक लाव. तोही काचेआडून तशीच मूठ दाखवतो. साठ-सत्तर टनांचं धूड उभं करायचं आणि व्यवहार सगळा दोन मुठींचा. नव्या मुलांना मी सांगतो, डोळा मिळाल्याशिवाय मूठ मिटू नका. काचेवर ऊन चमकत असेल, डोळा दिसत नसेल, तर दिसेपर्यंत थांबा.

चाकं थांबली. आत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पट्ट्यांचा खडखडाट होतो आणि अर्धं विमान उभं राहतं. एसटी अजून फलाटाला लागलेली नसते तोवर खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारी आपण माणसं. विमानात खिडकी उघडत नाही म्हणून, नाहीतर तिथेही टाकले असते. गंमत अशी की त्याच क्षणी विमानाबाहेरही अगदी तोच मोह प्रत्येकाला होत असतो. बेल्ट लोडरवाला, म्हणजे बॅगा चढवणाऱ्या पट्ट्याच्या गाडीचा चालक, एक पाय ब्रेकवर ठेवून टांगलेला. कोनवाल्याच्या हातात कोन. ब्रिजवाला बटणांवर बोटं ठेवून. विमान उभं आहे, हलत नाही, सगळ्यांना दिसतंय. मग जाऊ का नये?

कारण विमान थांबलं म्हणजे इंजिन थांबलं असं नाही. उतरल्यानंतर इंजिन थंड व्हायला काही मिनिटं मंद गतीवर चालवावं लागतं. बहुतेक वेळा टॅक्सी करत येईपर्यंत ती मिनिटं भरतात. पण धावपट्टीपासून बे जवळ असेल तर भरत नाहीत. शिवाय विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं एक छोटं इंजिन असतं, उभ्या विमानाला वीज आणि थंड हवा पुरवणारं. ते नादुरुस्त असेल तर बाहेरून विजेची केबल जोडली जाईपर्यंत मोठं इंजिन चालू ठेवण्याखेरीज वैमानिकाला गत्यंतर नसतं, कारण ते बंद केलं की अख्ख्या विमानात अंधार. आणि इंजिन बंद केल्यावरही पातं लगेच थांबत नाही. अर्धं ते एक मिनिट फिरत राहतं.

७३७ चं इंजिन मंद गतीवर असतानाही समोरच्या साधारण ३ मीटरांच्या पट्ट्यात उभ्या माणसाला आत ओढू शकतं. मागच्या बाजूला त्याचा झोत ३० मीटरांपर्यंत धोक्याचा. इंजिनाच्या तोंडात मधोमध जो शंकू असतो त्यावर पांढरी गोगलगाय काढलेली असते, पुढच्या वेळी बसमधून उतरताना बघा. ती शोभेची नाही. फिरतं पातं डोळ्याला दिसतच नाही, गोगलगाय गरगरताना दिसते.

कुणी म्हणेल, आवाज येत असेल की! हाच सगळ्यात मोठा चकवा. कानावर इअरमफ. डावीकडच्या बेवरच्या विमानाचा एपीयू किंचाळतोय, उजवीकडचं विमान मागे ढकललं जाऊन इंजिन सुरू करतंय, मागून ट्रॅक्टर चाललाय. या कल्लोळात आपल्या पुढ्यातलं इंजिन चालू की बंद हे कानाने कधीच सांगता येत नाही. म्हणून डोळे. आणि मुंबईच्या भर उन्हात बीकनचा लाल लुकलुकाट दिसायला नजर रोखावी लागते. पावसाळ्यात वेगळंच, ओल्या काँक्रीटवर शेजारच्या बीकनचं प्रतिबिंब पडतं आणि क्षणभर कळत नाही की दिवा कुणाचा.

या सगळ्यात एक घटना मी प्रत्येक तुकडीला सविस्तर सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी म्हणून गाव आहे, तिथला विमानतळ लहानसा. ३१ डिसेंबर २०२२ ची दुपार. डॅलसहून एम्ब्रेअर जातीचं विमान आलं. त्याचा एपीयू बंद होता. जमिनीवरच्या लोकांना ते माहीत होतं. विमान यायच्या दहा मिनिटं आधी सुपरवायझरने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, इंजिन चालू राहणार आहे, बीकन विझेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही, कोनसुद्धा लावायचे नाहीत. विमान बेवर यायच्या अगदी तोंडावर पुन्हा गोळा करून पुन्हा तेच सांगितलं. दोनदा! त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कंपनीच्या नियमपुस्तिकेतही हेच बजावलेलं होतं.

विमान थांबलं. कॅप्टनने ब्रेक लावला, जमिनीवरची वीज जोडा अशी खूण केली आणि उजवं इंजिन बंद करायला घेतलं. तेवढ्यात त्याच्या पडद्यावर संदेश आला की पुढच्या सामानकक्षाचं दार उघडलंय. म्हणजे डावं इंजिन धडधडत असताना कुणीतरी दाराला हात घातला होता. सहवैमानिकाने खिडकी उघडून खाली ओरडून सांगितलं की इंजिनं अजून चालू आहेत. मागे शेपटीकडे एक रॅम्प एजंट कोन ठेवायला गेली होती. इंजिनाच्या झोताने ती पडता पडता वाचली. सहकाऱ्याने ओरडून, हात हलवून तिला मागे हो म्हणून सांगितलं. ती विमानापासून दूर जायला लागली असं पाहून तो दाराकडे वळला. ती मात्र वळसा घालून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेने चालत आली, थेट इंजिनासमोर. तिच्या हातात नारिंगी कोन होता.

तपासाचे हे तपशील वाचताना माझी नजर दर वेळी कोनापाशीच अडते. कोन कशासाठी असतो? पंखाच्या टोकाला, इंजिनापुढे, शेपटीखाली कोन ठेवतात ते गाड्यांना दिसावं म्हणून, की इथून पुढे येऊ नका. म्हणजे सुरक्षिततेचंच काम. ते वेळेत उरकावं म्हणून तिची धडपड. चुकार माणूस तसा मरत नाही. चुकार माणूस सावलीत उभा असतो. मरतो तो कामाचा माणूस. नंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने तिच्या कंपनीला १५,६२५ डॉलर दंड सुनावला. आकड्यावर मी काही बोलत नाही.

आपल्याकडेही झालंय. १६ डिसेंबर २०१५, मुंबई, हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं विमान. मागे ढकलून झालं होतं, टो-बार, म्हणजे विमान ढकलायचा दांडा, सुटायची ती शेवटची मिनिटं, खुणेचा अर्थ लागण्यात गफलत झाली आणि विमान ढकलणाऱ्या पथकातला तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. त्या रात्री रॅम्पवर असलेल्या कुणाशीही आजही बोला, आवाज बदलतो. २०१९ च्या जुलैमध्ये कोलकात्यात स्पाइसजेटच्या उभ्या क्यू-४०० विमानाच्या चाकांच्या कप्प्यात एक तरुण तंत्रज्ञ काम करत असताना कप्प्याची दारं मिटली आणि तो त्यात सापडला. दोन्ही वेळा विमान ना आकाशात होतं ना धावपट्टीवर. बातम्यांमध्ये ‘विचित्र अपघात’ असा शब्द येतो. आम्हाला त्यात विचित्र काही दिसत नाही.

धीर सुटतो कशाने, हे शोधायचं असेल तर विमानाखाली बघू नका, घड्याळात बघा. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांचं गणितच असं बांधलेलं असतं की विमान जमिनीवर उभं राहिलं की तोटा. छोट्या पल्ल्याचं विमान आलं, रिकामं झालं, साफ झालं, भरलं आणि निघालं, हे सगळं २५ ते ३० मिनिटांत. उशीर झाला तर त्याला आकडा मिळतो. जगभर चालणारी डिले कोडची यादी आहे. ९३ म्हणजे विमानच आधीच्या फेरीमुळे उशिरा आलं, ३२ म्हणजे लोडिंगमुळे. कुणाच्या खात्यावर किती मिनिटं टाकायची यावरून रोज संध्याकाळी फोनवर जी हुज्जत चालते ती ऐकण्यासारखी असते. त्या यादीत पावसाला आकडा आहे, संपाला आहे, हरवलेल्या प्रवाशाला आहे. ‘दिवा विझायची वाट पाहत उभे होतो’ याला मात्र आकडा नाही. मग ती दोन मिनिटं जाणार कुठे? ३२ मध्ये. म्हणजे लोडरच्या डोक्यावर.

आणि हा लोडर कोण? बहुतेकदा कंत्राटी. विमान एका कंपनीचं, जमिनीवरची सेवा दुसरीची, माणसं तिसऱ्याची. सातारा-कोकणाकडची मुलं असतात, आता उत्तरेकडचीही खूप. चार जणांत एक खोली करून सहार-मरोळला राहतात. कुणी कुणी रात्रपाळी संपवून दुसरीकडे अर्धी शिफ्ट करतात, कारण पगारात भागत नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्येच, मुंबईच्या त्या घटनेनंतर आठवडाभरात, कोलकात्यात प्रवाशांना ने-आण करणारी एक बस पहाटे उभ्या एटीआर विमानावर जाऊन आदळली. चालकाला डुलकी लागल्याची चर्चा झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूला एक टेम्पो उभ्या विमानाच्या पोटाखाली घुसला, तिथेही झोपेचंच नाव निघालं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत एका कंत्राटी ट्रकचा धक्का उभ्या अकासाच्या विमानाला लागला. आदल्या वर्षी पुण्याला लोहगावात धावपट्टीकडे निघालेलं विमान टगवर, म्हणजे ओढगाडीवर, आदळलं आणि दिल्लीला जाणारे १८० च्या आसपास प्रवासी खाली उतरले. प्रत्येक वेळी चौकशी बसते, चालकाचा परवाना जातो आणि शिफ्टचा तक्ता जिथल्या तिथे राहतो. माझं मत विचाराल तर आधी तक्ता मागवा.

माणूस वाचला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण विमानाला लागलेला धक्का ही वेगळीच भानगड आहे. लोकांना वाटतं, एवढ्या वेगाने उडणारं विमान, काय त्याचं कवच असेल! ७३७ च्या अंगावरचा पत्रा बहुतेक ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. आतून हवेचा दाब आणि बाहेरून काही नाही, या ताणावर तो पत्रा टिकतो, पण अट अशी की तो सुरकुतलेला नसावा. २६ डिसेंबर २००५ ला सिअ‍ॅटलमध्ये अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाला सामानाची गाडी घासली. पत्र्याला घडी पडली. गाडी चालवणारा काही बोलला नाही. विमान उडालं. वीसेक मिनिटांनी, २६,००० फुटांच्या आसपास, त्या घडीवर पत्रा फाटला. एक फूट लांब आणि सहा इंच रुंद भोक. केबिनमधली हवा निघून गेली, डोक्यावरून मुखवटे लोंबले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून सिअ‍ॅटलला परत उतरवलं, सगळे वाचले.

तो माणूस का बोलला नसेल? मला याचं उत्तर शोधायला सिअ‍ॅटलला जावं लागत नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, एका पोराने बेल्ट लोडर लावताना विमानाला टोक लागल्याचं स्वतःहून येऊन सांगितलं. अभियंते आले, शिडी लावली, हात फिरवून पाहिलं, मापं घेतली, मर्यादेत आहे म्हणाले, विमान चाळीस मिनिटं उशिरा गेलं. संध्याकाळी त्या पोराचा एअरपोर्ट पास जमा करून घेतला आणि पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं. त्यानंतर त्या पाळीत कितीतरी महिने एकही धक्का कागदावर लागला नाही. वरच्या मंडळींनी आकडे सुधारले म्हणून मिठाई वाटली. मी ती खाल्ली नाही, एवढंच.

आता तर ७८७ आणि ए-३५० सारखी विमानं कार्बनच्या धाग्यांची. पत्र्याला पोचा पडतो तो निदान दिसतो. कार्बनच्या अंगाला धक्का बसला तर वरून रंगही न उडता आतले थर सुटू शकतात. म्हणजे ज्याच्या हातून लागलं त्याने सांगितलं नाही तर कुणाच्याही बापाला कळणार नाही. अशा काळात सांगणाऱ्याला शिक्षा करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये म्हटलं होतं की जमिनीवरच्या नुकसानीचा वर्षाचा खर्च २०३५ पर्यंत दहा अब्ज डॉलरच्या घरात जाईल. त्यांच्याच पाहणीत बेल्ट लोडर, कार्गो लोडर, शिड्या आणि एरोब्रिज या चार मंडळींच्या नावावर ४० टक्के प्रकरणं होती. म्हणजे विमान बहुधा उभंच असतं, येऊन धडकतो तो आपणच. त्यावर उपाय म्हणून गाड्यांना विमान जवळ आल्याचं ओळखणारे सेन्सर लावायचं चाललंय. चांगलंच आहे. सेन्सर बिनपगारी घरी बसत नाही.

एरोब्रिजचा विषय निघालाच आहे तर एक जवळून बघण्यासारखी गोष्ट सांगतो. ब्रिज लागून दार उघडलं की दाराच्या खालच्या कडेखाली एक छोटी पेटी ठेवलेली दिसेल, पिवळी किंवा काळी, वायर लावलेली. विमान उभ्याउभ्या वरखाली होत असतं. माणसं आणि सामान उतरलं की चाकांवरचा भार कमी होऊन ते वर येतं, इंधन आणि नवं सामान भरलं की खाली बसतं. ब्रिजला एक चाक असतं ते विमानाच्या अंगाला टेकून हे मोजतं आणि ब्रिज त्याच्याबरोबर हलतो. ते चुकलं आणि दार पेटीवर टेकलं, तर पेटी ब्रिजला खाली घ्यायला लावते. नाहीतर विमानाचा सगळा भार दाराच्या बिजागरीवर. पाय मोडू नये म्हणून त्या पेटीला ओलांडून जा, लाथ मारू नका. लोक मारतात.

आणि सगळं नियमाने केलं तरी माणूस माणूसच राहतो, याचं उदाहरण म्हणून हीथ्रोची पिन. जून २०२१, ब्रिटिश एअरवेजचं ७८७ बेवर उभं, फ्रँकफर्टला निघायचं, सामान भरणं चालू. चाकांच्या यंत्रणेत काही संदेश येत होते म्हणून उभ्या विमानातच चाकं वर घ्यायचा दांडा फिरवून पाहायचा होता. खुळेपणा वाटेल, पण त्याची रीतसर पद्धत आहे: आधी प्रत्येक चाकाच्या सांध्यात लोखंडी पिन घालायची, म्हणजे दांडा फिरवला तरी चाक मिटत नाही. मुख्य तंत्रज्ञाचा हात नाकाच्या चाकाच्या त्या भोकापर्यंत पोचेना. त्याने बोट दाखवलं, सहकारी शिडीवर चढला आणि त्याने पिन घातली. शेजारच्या भोकात. दोन भोकं जवळजवळ, दोन्हींत पिन बसते. दांडा फिरला आणि विमानाचं नाक जमिनीवर. हे असं होऊ शकतं हे आधी एकदा घडून गेलं होतं म्हणून ते दुसरं भोक बुजवून टाका असा हुकूम २०२० च्या जानेवारीतच लागू झालेला. तीन वर्षांची मुदत होती. या विमानाचा नंबर अजून लागायचा होता.

हा किस्सा मी शिकवताना सांगतो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, सर, मग चूक कुणाची? उंची कमी असणाऱ्याची? वर्ग हसतो. मी म्हणतो, भोकाची. मुदतीची. परत विचारतात, सर, परीक्षेत काय लिहायचं?

परवा आमचे मेहुणे पुण्याला उतरले आणि तिथूनच फोन. भाऊजी, तुमच्या लोकांना काही कामधंदा आहे की नाही? विमान येऊन पाच मिनिटं उभं, खिडकीतून दिसतंय, चार जण रेडियमचं जाकीट घालून नुसते उभे, एकजण हलेल तर शपथ! मी विचारलं, पंखावर लाल उजेड येत-जात होता का? म्हणाले, होता बहुतेक. मग मी त्यांना बीकन सांगितला, पातं सांगितलं, गोगलगाय सांगितली, ते चौघं नुसते उभे नव्हते, कामच करत होते असं सगळं समजावून दिलं. पलीकडे बराच वेळ हूं हूं चाललं होतं. मला वाटलं पटतंय.

‘‘ते सगळं ठीक आहे हो,’’ मेहुणे म्हणाले, ‘‘पण बेल्टवर बॅग आलीये आणि तिला तीनच चाकं आहेत. चौथं कुठंय ते विचारा तुमच्या माणसांना.’’